दोन वेढे, एक उलटा

३ मार्च

दादा,

साष्टांग नमस्कार पत्रातच मानून घे. प्रत्यक्ष घालायचा तर वाकावं लागेल, आणि इथे आल्यापासून माझ्या कंबरेने संप पुकारलाय.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, आणि मला काही मागायचंही नाही. मी टीव्हीवर येणार आहे, एवढंच कळवायचं होतं. तो ओझी उचलायचा कार्यक्रम नाही का, ज्यात माणसं खांद्यावर ओंडके घेऊन उभी राहतात आणि घरी बसलेले लोक चहा पितापिता 'एवढं काय त्यात' म्हणतात? तूही म्हणायचास. तर त्या कार्यक्रमात बारा जणांत मी एक आहे. नाक्यावरच्या मुकादमांनी मला न विचारता फॉर्म भरला असं मी सगळ्यांना सांगतो. फॉर्म मीच भरला. फोटोसुद्धा चारदा काढून घेतला, कारण पहिल्या तिन्हींत मान आखूड दिसत होती.

आम्हाला शहराबाहेर एका बंद पडलेल्या कारखान्यात ठेवलंय. लांबलचक खोली, बारा लोखंडी खाटा. जमिनीत अजून यंत्रांचे बोल्ट रुतलेले आहेत, रोज कुणीतरी ठेचकाळतं. खांबाखांबावर कॅमेरे. पहिल्या दिवशी सगळे पोट आत घेऊन चालत होते, आता कुणाला भान नाही. फोन काढून घेतलेत. आठवड्याला घरी एक पत्र लिहायची मुभा आहे. ते एक पोक्त बाई आधी वाचतात, आक्षेपार्ह काही नाही ना बघतात, आणि आपल्यासमोर पाकीट बंद करतात. आम्ही त्यांना पत्रांच्या बाई म्हणतो. तर बाई, तुम्हालाही नमस्कार.

माझ्या एका बाजूच्या खाटेवर एक जिमवाला आहे. तो रोज दहा अंडी खातो आणि झोपेतही दंड फुगवतो. दुसऱ्या बाजूला एक सिस्टर. इस्पितळातल्या, खरोखरच्या. पन्नाशीला आल्यात, दिसायला काडी, पण वीस वर्षं पेशंट या कुशीवरून त्या कुशीवर करून बाईंची पाठ दगडाची झालीय. मी म्हटलं, "सिस्टर, ही स्पर्धा जिंकणार तुम्हीच." त्या म्हणाल्या, "जिंकायला नाही आले हो. महिनाभर कुणी हाक मारणार नाही म्हणून आले."

तुझा पाय कसा आहे? वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद. आता केवढी झाली असेल. पार्किंगच्या पावत्या फाडायचं तुझं काम चाललंय असं मुकादमांकडून कळतं.

त्या जिन्यावरचं मी केव्हाच सोडून दिलंय, दादा. तूही सोड.

तुझा,
बारक्या

९ मार्च

दादा,

तीन जण घरी गेले. काल पोटाशी दगड धरून उभं राहायचं होतं. वेळ किती झाला ते सांगत नाहीत, यातच त्यांची सगळी मेख आहे. दगडाचं काही वाटत नाही, पण अजून किती हे कळत नसलं की माणूस खचतो. मी आपला जिने मोजत उभा राहिलो. बँकेची इमारत, मग डॉक्टरांची, मग ती घाणेरडी चिंचोळी, जिथे आपण फ्रिज उभा करून नेला होता. एकेक पायरी मनात मोजायची. सात इमारती झाल्या तेव्हा मी तिसरा आलो होतो.

सिस्टरनी विचारलं, "काय हो पुटपुटत होतात, जप का?"

त्यांना आपलं काम समजावून सांगितलं. कपाट जिन्याने उतरवताना एक जण खाली, एक जण वर. खालचा उलटा चालतो. त्याच्या तोंडासमोर कपाट, पाठीमागे जिना, त्याला पायरी दिसत नाही. म्हणून वरच्याने मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन. आणि सपाटी आली की 'सपाट' म्हणून ओरडायचं. खालचा त्या ओरडण्यावर पाय टाकतो. सिस्टर ऐकून म्हणाल्या, "म्हणजे खालच्याचा जीव वरच्याच्या जिभेवर."

मी म्हटलं, "तसंच काहीसं."

"तुम्ही वरचे की खालचे?"

मी सांगितलं की मी कायम वरचा. खालची बाजू जड, ती दादाची. मी पंधरा वर्षांचा असल्यापासून तू मला एकदाही खाली जाऊ दिलं नाहीस, हेही सांगितलं. त्या पाय चोळत बसल्या.

आता एक गोष्ट. परवा कॅमेऱ्यासमोर मुलाखत झाली, प्रत्येकाची होते. उजव्या हातावरची खूण त्यांच्या लक्षात आली. हे अकरा टाके कशाचे, म्हणाले. मी सांगितलं. आरशाचं कपाट होतं, तिसऱ्या मजल्यावरून उतरवत होतो, कपाटाला आवळलेल्या पट्ट्याची गाठ सुटली, कपाट गेलं. गाठ कुणी बांधली होती, म्हणाले. मोठ्या भावाने, म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही हं. आणि तुला दोष तर अजिबातच दिला नाही. उलट म्हटलं, माणूस आहे, होते चूक, त्याचा स्वतःचाच पाय मोडला बिचाऱ्याचा, मी कधीच माफ केलंय. दिग्दर्शक खूश झाले. 'फार हळवं आहे' म्हणाले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने डोळे पुसले.

तुला कदाचित आवडणार नाही. पण विचारल्यावर काहीतरी सांगावं तर लागतंच.

जेवण बरं आहे. मीठ कमी.

बारक्या

१४ मार्च

दादा,

छोटंच लिहितो. आज पाण्याच्या टाक्या उचलायच्या होत्या.

पत्रांच्या बाईंकडून दोन गोष्टी कळल्या. माझी ती मुलाखत बावीस तारखेला दाखवणार आहेत, तिला खास जागा दिलीय म्हणे. आणि अठरा तारखेच्या खेळाला प्रत्येकाच्या घरचं एक माणूस आणणार आहेत. त्यांनी तुला बोलावणं पाठवलंय. पत्ता माझ्याच पाकिटांवरून घेतला, मला विचारलं नाही. मी आलो तेव्हा सही केलेल्या कागदात ते होतं म्हणे. तो कागद अठरा पानांचा होता, आणि माझं सगळं लक्ष फोटोत.

तर तू

वरच्या तीन ओळी मीच खोडल्यात, बाईंनी नाही. एकदा ये म्हणून लिहिलं, एकदा येऊ नकोस म्हणून. तुझा पाय प्रवासाने सुजत असेल तर येऊ नकोस.

बावीस तारखेला टीव्ही लावू नकोस. त्या दिवशी सगळा कार्यक्रम नुसता जाहिरातींचा असतो.

बारक्या

१९ मार्च

दादा,

तुझी गाठ सुटली नव्हती.

हे आधी लिहून टाकतो. मी स्वतःला चांगला ओळखतो. चार पानं इकडचं तिकडचं भरेन आणि मग पानावर जागा उरली नाही म्हणेन.

काल मी स्पर्धेतून बाहेर पडलो. बसस्थानकासमोरच्या लॉजवर बसून हे लिहितोय. खोलीत एक खाट, एक बादली आणि एक आरसा आहे, त्यावर मी टॉवेल टाकलाय. पाकीट मीच चिकटवणार, हे पत्र कुणीही वाचलेलं नाही. क्रमाने सांगतो. वहिनी तुला काही सांगणार नाहीत, तसं त्यांनी मला बजावलंय. का, ते शेवटी येईलच.

काल तिघं उरलो होतो. जिमवाला, सिस्टर आणि मी. मोठ्या शेडमध्ये तीन चौथरे, प्रत्येकावर एक जण. खांद्यावर लाकडाचं जू, बैलाच्या मानेवर असतं तसं, आणि दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या. सुरुवातीला तीस किलो. घड्याळावर कापड टाकलेलं. गुडघा टेकला की बाद. दर थोड्या वेळाने घंटा व्हायची. घंटा झाली की घरून आलेल्या प्रत्येक माणसाने दोन पिशव्या घ्यायच्या आणि तिघांपैकी कुणाच्याही जुवाला, या टोकाला एक, त्या टोकाला एक, दोरीने बांधायच्या. बांधताना बोलायला मनाई नव्हती. उलट बोलावं अशीच त्यांची इच्छा होती, म्हणून तर सगळ्यांच्या कॉलरला माइक.

निवेदक म्हणाला, "गाठ सुटून पिशवी पडली, तर ती परत बांधायची नाही." आदल्या खेळांत ओझं अडकवायला सगळीकडे लोखंडी आकडे होते, आणि इथे एकदम दोरी. माझी मुलाखत त्यांनी वाया घालवली नव्हती.

जिमवाल्याकडून त्याचे वडील आले होते, निवृत्त मास्तर. सिस्टरकडून सासूबाई. माझ्याकडून तू येणार असं मी धरून चाललो होतो. दार उघडलं आणि वहिनी आत आल्या. केस पिकलेत रे त्यांचे.

पहिल्या घंटेला सासूबाई दोन पिशव्या हातात घेऊन मधोमध उभ्याच. "कुणावर टाकू बाई? आजवर सुनेशिवाय कुणावर टाकलं नाही, सवय नाही मला." सगळे हसले, सिस्टर इतक्या हसल्या की तिथेच बाद व्हायच्या. मास्तर मात्र सरळ माझ्याकडे आले. "तुमचं रोजचंच काम आहे," म्हणाले आणि पोराच्या बुटाला बांधावी तशी फुलाची गाठ मारून गेले. त्यातल्या निम्म्या पिशव्या नंतर आपोआप पडल्या. वहिनी एकदा जिमवाल्याला, एकदा सिस्टरना बांधत होत्या. माझी नजर त्यांच्या बोटांवर होती. दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत. तुझी गाठ. त्यांनी बांधलेली एकही पिशवी पडली नाही.

चौथ्या घंटेला जिमवाल्याला बांधून परत जाताना वहिनी माझ्या चौथऱ्यापाशी थांबल्या.

"भावजी, तुमची तिन्ही पत्रं आली," म्हणाल्या. "ते वाचतात. उत्तर लिहायला बसतात, वर तारीख घालतात आणि उठतात. इथे यायला म्हणून बॅग भरली होती. मग म्हणाले, तूच जा. माझं तोंड बघितलं की त्याला जिना आठवेल आणि ऐन वेळी त्याचे हात ढिले पडतील."

खांद्यावर पन्नासेक किलो असलं की न बोलायला चांगलं निमित्त मिळतं.

"सहा वर्षं चपलेचा पट्टा तीनतीनदा बघतात हो. पिशवीचं तोंड बांधतात, सोडतात, परत बांधतात. छकुलीच्या वेणीची रिबन, तीसुद्धा. पोरगी शाळेला उशिरा पोचते, पण गप्प उभी राहते बिचारी, बाबांना वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही पत्रात 'सोडून दिलं' लिहिलंत. त्याने नाही झालं. एकदा घरी या आणि तोंडाने सांगा त्यांना, की माफ केलं. एवढंच मागायला आलेय मी. बाकी तुम्ही जिंका नाहीतर हरा."

आणि त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पोटाशी धरून.

दादा, मी खूप ओझी उचलली. तुझ्याबरोबर उचलली, तुझ्यामागे एकट्याने उचलली. पण त्या दोन घंटांच्या मधल्या वेळात जे वाटलं ते कशात मोजायचं मला माहीत नाही. लाज वाटली, इतकंच सरळ लिहितो. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचवी घंटा झाली तेव्हा मीच हाक मारली, "वहिनी, इकडे या." त्या आल्या. आणि मी सांगितलं. तुलाही आता तसंच सांगतो, त्यांना सांगितलं त्याहून एक शब्द कमी नाही.

त्या दिवशी आरसा झाकायची गोधडी खाली ट्रकमध्ये राहिली होती. तू म्हणालास, जाऊन घेऊन ये, आरसा उघडा न्यायचा नसतो. मी म्हटलं, शेवटचीच खेप आहे, कोण तीन मजले उतरतंय. तू मान डोलावलीस. तू माझं नेहमीच ऐकायचास. कपाट आपण आडवं केलं, आरसा वरच्या अंगाला. तू खाली, मी वर. म्हणजे आरसा थेट माझ्या तोंडासमोर.

आणि मी तीन दिवसांपूर्वी मिशी काढली होती. आठवतं? तू म्हणालेलास, सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोस. तर मी मोजत होतो आणि आरशात माझा वरचा ओठ बघत होतो. खरंच बटाट्यासारखा दिसतो का ते. नऊ म्हटलं तेव्हा मान डावीकडे करून बघितली. दहा म्हटलं तेव्हा उजवीकडे. तो जिना तेरा पायऱ्यांचा, आपण दिवसभर चढउतार केलेला. मी बाराव्यालाच 'सपाट' म्हणून ओरडलो. तू सपाट समजून पाय टाकलास, आणि तिथे अजून एक पायरी होती.

मिशीपायी गेला तुझा पाय. दुसरं काही कारण नाही. नशेत होतो, ताप होता, कुणी हाक मारली, काहीतरी असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. पण हे कसं सांगायचं?

अजून संपलं नाही. कपाट आपटलं तेव्हा पट्टा गाठीसकट सरकून बाजूला पडला. गाठ होती तशीच होती. तू खाली कण्हत होतास, डोळे मिटलेले. लोक जिन्यातून धावत येत होते. माझ्या उजव्या हातातून रक्त वाहत होतं. मी डाव्या हाताने शेपूट बाहेर काढून ओढलं. शेपूट ओढलं की सुटते, तूच शिकवलं होतंस. आणि लोक आले तेव्हा मी सुटलेला पट्टा वर धरून म्हटलं, "गाठ सुटली."

मग इस्पितळात तू हात जोडलेस. पाय वर टांगलेला, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणालास, "बारक्या, माझ्या गाठीने तुझा हात कापला रे." मी म्हटलं, "जाऊ दे, दादा." तू माझी माफी मागितलीस आणि मी ती घेतली. पुढे तुझ्याकडे यायचं बंद केलं. तुला वाटलं मी रागावलोय. नाक्यावर सगळ्यांना तसंच वाटलं, आणि मी वाटू दिलं. आधी दुसऱ्या जोड्याही पट्टा बांधून घ्यायला तुझ्याकडे यायच्या. नंतर कुणी आलं नाही.

हे सगळं मी वहिनींना जुवाखालून, मान खाली घालून सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर थोबाडीत मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तू सोडलीस?"

त्या मला आजवर कधी अरेतुरे बोलल्या नव्हत्या.

"हो," म्हटलं.

पाचव्या घंटेच्या त्यांच्या दोन पिशव्या अजून हातातच होत्या. त्यांनी त्या माझ्या जुवाला बांधल्या. निवेदक गोंधळला. त्याने हातातला कागद वर-खाली बघितला. आपल्याच माणसावर टाकायला बंदी आहे असं त्यात कुठेच नव्हतं, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अहो बाई, तो तुमचा माणूस ना?" वहिनी म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

त्यानंतर प्रत्येक घंटेला त्या माझ्याकडेच आल्या. रागाने आल्या असं नाही. शांतपणे, घरातलं काम आवरावं तशा. दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत, आणि प्रत्येक वेळी गाठ अंगठ्याने दाबून बघायच्या, तू बघायचास तशी. ओझं वाढलं की ती गाठ आणखी आवळते. मला जुवातून कळत होतं.

सातव्या घंटेला जिमवाला गेला. गुडघा टेकला आणि ढसाढसा रडला, मास्तरांनी त्याला कुशीत घेतलं. उरलो सिस्टर आणि मी. मी त्याच इमारतीचा जिना मोजत होतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक वेळी तेरा. खोटं कशाला सांगू, एक मन म्हणत होतं, एखादी गाठ सुटू दे, दोन किलो तरी कमी होतील. आणि दुसरं मन देवाला हात जोडत होतं की एकही सुटू देऊ नकोस, सगळे बघतायत.

एकही सुटली नाही.

दहाव्या घंटेनंतर पाय आपले राहिले नाहीत. आपल्यात ओझं टाकत नाहीत, ठेवतात. म्हणून मी पाठ सरळ ठेवून हळूहळू खाली आलो, आधी डावा गुडघा, मग उजवा, आणि पिशव्या जमिनीला टेकल्या. तोंडातून निघून गेलं, "सपाट." सिस्टरनी जू टाकून दिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे धावल्या, मग हात वर केले. जिंकल्या बाई. महिनाभर तरी आता त्यांना कुणी हाक मारल्याशिवाय राहणार नाही.

मी दिग्दर्शकांकडे गेलो. म्हटलं, बावीस तारखेची मुलाखत दाखवू नका, ती खोटी आहे. ते म्हणाले, दाखवणार. आधी ती, आणि आजचं एकोणतीसला, कार्यक्रमाला क्रम असतो. पाया पडलो, सांगूनही लाज वाटत नाही आता. ते म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना कॅमेऱ्यासमोर? आम्ही थोडंच सांगायला लावलं?"

म्हणजे पूर्ण एक आठवडा तुझी गाठ सुटली असं जगभर होणार. म्हणून हे पत्र आजच टाकतोय. आणि बावीस तारखेला मी आपल्या नाक्यावर, चहाच्या दुकानात टीव्हीसमोर उभा असेन. मुकादमांना सांगून ठेवलंय सगळ्यांना थांबवा म्हणून. कशासाठी ते नाही सांगितलं. मुलाखत लागली की आवाज बंद करून मी खरं काय ते मोठ्याने सांगणार आहे. मग ज्याला जे करायचं ते करू दे.

वहिनींना गाडीत बसवताना मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना दादाला." त्या पुन्हा अहोजाहो करायला लागल्या होत्या, ते मला जास्त लागलं. "मी नाही सांगणार, भावजी," म्हणाल्या. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बायको समजूत काढतेय. सहा वर्षं तेच करतेय मी, गाठ तुमची नव्हती हो, पट्टाच जुना असेल, असं काहीबाही. त्यांचा नाही विश्वास बसत. ज्याने सोडली त्यानेच सांगायचं."

म्हणून सांगितलं.

मला माफ कर असं लिहिणार नाही. एकदा तुझ्याकडून चुकीची माफी घेऊन बसलोय, ती आधी परत करतो.

बारक्या

२० मार्च

दादा,

काल पत्र टाकलं आणि आज दुपारी कारखान्यात परत गेलो. फाटकावर आत सोडेनात. शेवटी पत्रांच्या बाई बाहेर आल्या. त्यांना म्हटलं, माझ्या जुवाची एक दोरी हवी. त्या म्हणाल्या, कापून टाकल्या सगळ्या, गाठी सुटेचनात कुणाला, पोरांनी सुरी आणली. मग म्हणाल्या, थांबा. आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. एका टोकाची एक राहिली होती. त्यांनी सुताराला सांगून जुवाची खुंटी काढवली आणि वेढा अख्खा सरकवून बाहेर घेतला. पुडक्यात गुंडाळून दिली. म्हणाल्या, "तुमची पत्रं वाचताना मला वाटलंच होतं, याच्यात काहीतरी नाहीये."

तीच दोरी या पुडक्यात आहे. शेवटच्या घंटेला वहिनींनी बांधलेली. खाली पिशवीची कडीही अडकलेली आहे, पिशवी त्यांनी ठेवून घेतली.

लगेच सोडू नकोस. कडी दाराच्या कोयंड्यात घाल आणि ओढून बघ, आहे नाही तेवढा जोर लावून. छकुलीलाही ओढू दे. मी लॉजच्या खिडकीच्या गजाला अडकवून अख्खा लोंबकळलो, लॉजवाला ओरडला.

सुटत नाही. त्या दिवशीचीही अशीच होती.

बारक्या